माचू पिच्चूचे दोन यात्रिक

इंका लोकांचे माचू पिच्चू हे नगर पेरू देशात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,४३० मीटर उंचीवर आहे. पंधराव्या शतकात ते उभे राहिले आणि शंभरेक वर्षांत ओस पडले. तेथील भग्नावशेष पाहून आलेल्यांनी विपुल लिहिले आहे. त्यांतील दोन कृती वाचकांनी शेजारी ठेवून वाचाव्यात असे मला वाटते. एक, हायरम बिंगम यांचे ‘लॉस्ट सिटी ऑफ दि इंकाज’ (१९४८) आणि दुसरी, पाब्लो नेरुदांचे १९४५ मध्ये लिहिलेले, बारा भागांचे दीर्घकाव्य.

बिंगम हे प्रॉटेस्टंट मिशनऱ्याचे चिरंजीव. २४ जुलै १९११ रोजी ते तेथे पोहोचले. आपण हरवलेले नगर शोधून काढले, हा त्यांच्या ग्रंथाचा सूर. इंकांची अखेरची राजधानी हीच, हा त्यांचा तर्क पुढे चुकीचा ठरला. तथापि लेखकाच्या अहंकारावर त्याच्याच प्रामाणिक तपशिलांनी मात करावी, असे येथे घडते. एका चांदीच्या नाण्याच्या मोबदल्यात वाट दाखवणारा शेतकरी आर्तेआगा, डोंगरावर थंड पाणी व उकडलेली रताळी देणारी कुटुंबे, अवशेषांतून फिरवणारा लहान मुलगा, ही सारी माणसे त्यात आहेत. करवसुली व सैन्यभरती टाळण्यासाठी ती कुटुंबे त्या जुन्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत राहत होती. मग नगर हरवले होते ते कोणाला?

नेरुदा १९४३ मध्ये तेथे गेले. त्यांच्या काव्याचा नववा भाग वाचताना आपल्याला पवित्र मरियेची लितानी आठवल्याशिवाय राहत नाही. क्रियापदच नाही, नुसती संबोधने, एकामागून एक. कम्युनिस्ट कवीच्या लेखणीतून हा घाट यावा, याचे मला मोठे अप्रूप वाटते. दहाव्या भागात मात्र तो स्तुती थांबवून दगडांना उलटतपासणीसाठी उभे करतो: हे वाहणारा मजूर कोठे आहे? तो उपाशी होता काय? माझ्या मते काव्याचे खरे शिखर येथे आहे. या प्रश्नाचे अंशतः उत्तर पुढे हाडांनी दिले. तेथील सांगाड्यांच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार राजाच्या चाकरीतली ही माणसे साम्राज्याच्या दूरदूरच्या प्रदेशांतून आणलेली होती.

बाराव्या भागाविषयी मात्र माझे मन साशंक आहे. कवी मृतांना ‘उठा’ म्हणतो आणि आपल्या मुखाने बोलण्यास बोलावतो. भाषा पुनरुत्थानाची आहे. पण उठलेल्यांना स्वतःचा आवाज मिळतच नाही, तो कवीचाच राहतो. शिवाय एवढ्या मोठ्या काव्यात त्या डोंगरावरचा एकही जिवंत केचुआ शेतकरी भेटत नाही. गर्विष्ठ बिंगमच्या गद्यात तो भेटतो, पाण्याचा भोपळा पुढे करीत.