डोंबिवलीचा एक वाचक

लेखकांची चरित्रे पुष्कळ लिहिली जातात. वाचकाचे चरित्र कोणी लिहीत नाही. त्याने कोणते पुस्तक दोनदा वाचले, कोणते अर्ध्यावर टाकले, हे सहसा त्याच्याबरोबरच जाते. मराठीत याला जो ठळक अपवाद आहे तो आमच्या शेजारचाच निघावा, याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटत आले आहे. गोविंद तळवलकर यांचा जन्म 22 जुलै 1925 रोजी डोंबिवलीत झाला. 1968 ते 1996 ते 'महाराष्ट्र टाइम्स'चे संपादक होते आणि मार्च 2017 मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या अग्रलेखांची चर्चा इतरांनी करावी. आम्हांस बोलायचे आहे ते 'वाचता वाचता' या संग्रहाविषयी, म्हणजे त्यांच्या वाचनाविषयी.

या संग्रहातील लेख मुख्यत्वे इंग्रजी ग्रंथांवरचे आहेत. त्यांना परीक्षणे म्हणणे आमच्या जिवावर येते. ग्रंथकार कोण, कोणत्या काळात लिहीत होता, त्याचे म्हणणे काय, हे तळवलकर शांतपणे सांगत जातात. स्वतःचे मत येते ते बहुधा जाता जाता, एखाद्या वाक्यात. भाषा साधी, अलंकार टाळणारी. कल्याणच्या ज्या वाचकाच्या हाती तो इंग्रजी ग्रंथ कधीच पडणार नाही, त्याला समोर बसवून लिहावे तसे हे लेखन आहे.

माणसाची रुची त्याच्या कपाटावरून कळते म्हणतात. तळवलकरांचे कपाट आम्ही पाहिलेले नाही, पण त्यांच्या स्वतःच्या ग्रंथांची नावे पुरेशी बोलकी आहेत. 'सोव्हिएत साम्राज्याचा उदय आणि अस्त', 'नेक नामदार गोखले', 'विराट ज्ञानी न्यायमूर्ती रानडे', 'वैचारिक व्यासपीठे'. ओढा उघडच राज्यकर्ते, साम्राज्ये आणि नियतकालिके यांच्याकडे. यांत आम्हांस सर्वांत थोर वाटतो तो 'सत्तांतर'. भारतातील सत्तांतराची ब्रिटिश सरकारी कागदपत्रे 1970 ते 1983 या काळात बारा जाडजूड खंडांत लंडनहून प्रसिद्ध झाली. तारा, टिपणे, व्हाइसरॉयची पत्रे, बैठकींचे वृत्तांत! अशा कागदांत रमणारा वाचक विरळा, आणि रमून झाल्यावर ते सारे मराठी माणसाला समजेल अशा रीतीने सांगणारा त्याहून विरळा. दैनिकाचे रोजचे काम सांभाळून त्यांनी ते केले. आम्ही रविवारच्या एका प्रवचनाची तयारी करताना वेळ नसल्याची तक्रार करतो, ती येथे आठवून ओशाळल्यासारखे होते.

तरीही आमची एक तक्रार आहे. या वाचनविश्वात सत्ता कशी मिळते, कशी जाते, याचे ज्ञान अफाट आहे. पण सामान्य घरातील प्रार्थना, देवाशी चाललेले भांडण, मरणशय्येजवळची कुजबूज यांना तेथे जागा फार थोडी. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आम्ही दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा काढतो, ती याच भुकेपोटी. अर्थात प्रत्येक वाचकाने सर्व काही वाचावे, असा आग्रह धरणे वेडेपणाचे आहे. धर्मगुरूला असा आग्रह धरण्याची सवय लवकर लागते, एवढेच.

दुसरी गोष्ट तक्रार म्हणावी की कबुली, हे वाचकांनी ठरवावे. तळवलकरांचा लेख इतका भरगच्च असतो की मूळ ग्रंथ वाचल्याचे समाधान फुकटात मिळते. काही वर्षांपूर्वी आम्ही एका प्रवचनात अशाच एका इंग्रजी चरित्राचा दाखला मोठ्या ऐटीत दिला. मिस्सा संपल्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन म्हणाले, "फादर, ते पुस्तक जरा वाचायला द्याल का?" आम्ही ते पुस्तक डोळ्यांनीही पाहिले नव्हते. "शोधून ठेवतो," असे आम्ही म्हणालो. खरे काय ते सांगायला आम्हांस पुढे तीन आठवडे लागले.

त्या तीन आठवड्यांत आमच्या वाचनाचा दोष आम्हांस कळला. प्रवचनाला काय उपयोगी पडेल, या एकाच दृष्टीने आम्ही पुस्तके चाळीत आलो होतो. निषिद्ध ग्रंथांची सूची ख्रिस्तसभेने 1966 सालीच रद्द केली. आमच्या पिढीच्या सेमिनरीत तिचा धाक नव्हता. आमच्या वाचनावरचे हे कुंपण आमचे आम्हीच घातलेले. तळवलकरही लिहिण्यासाठीच वाचीत, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण ते ग्रंथकाराला त्याचे म्हणणे पुरे करू देत. आम्ही दृष्टान्त सापडला की पुस्तक मिटतो.

आणखी एक सल आहे. तळवलकरांनी इंग्रजीत जे मिळवले ते मराठीत आणून दिले. आमच्या समाजाला ही वाट नवी नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. त्यांनी येथील पुराणकाव्याची धाटणी आत्मसात करून 'ख्रिस्तपुराण' ओवीत रचले, ते 1616 साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. देवनागरीत ते यायला मात्र 1956 साल उजाडावे लागले. शांताराम बंडेलू यांनी ते काम केले. आज आमच्या घरांतील मुले इंग्रजी सहज वाचतात, आमच्याहून चांगली वाचतात. पण तेथून मराठीत परत काय येते? कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 पासूनचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासूनचे. गृहभेटींच्या वेळी आम्ही घरोघर विचारीत गेलो की यांपैकी कशाचे सभासद आहात का. 'हो' म्हणणारी घरे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली. एका माउलीने तर उलट विचारले, "फादर, तुम्ही आहात का?" तेव्हा आम्हीही नव्हतो.

आता आहोत. त्या निवृत्त गृहस्थांना आम्ही चरित्राऐवजी 'सत्तांतर'चा पहिला खंड दिला. महिन्याभराने ते दुसरा मागायला आले. पहिला कुठे आहे, असे विचारले तेव्हा कळले की तो त्यांच्या डब्यातील मंडळींत फिरतो आहे आणि सध्या अंबरनाथला आहे.