मुंबईच्या कलाशाळेवरील एक श्रुतिका

सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेवर रचिलेल्या एका श्रुतिकेचें हस्तलिखित आमच्याकडे अभिप्रायार्थ आलें आहे. भाषा सुबोध आहे. छिन्नीच्या ठोक्यांवरून शिल्पवर्ग ओळखूं येतो, हें कौशल्य खरें. परंतु कालक्रमाची हेळसांड आम्हांस खपत नाहीं. शाळा १८५७ त निघाली. लॉकवुड किपलिंग १८६५ त आले, आणि येथें ते उद्घाटनाचें भाषण करितात! (पात्रांची काटकसर हें कारण पुरेसें नव्हे.)

याहून मोठा दोष अजिंठ्याच्या प्रवेशांत आहे. रॉबर्ट गिल यांनीं केलेल्या तेथील चित्रांच्या नकला १८६६ त लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें जळाल्या. पुढें शाळेचे ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनीं १८७२ पासून नव्यानें नकला केल्या. त्यांतील पुष्कळ १८८५ त साउथ केन्सिंग्टन येथें आगींत गेल्या. लेखकानें दोन्ही आगी एक केल्या. त्यामुळें पहिला नाश ठाऊक असतां चित्रें पुन्हां विलायतेसच कां धाडलीं, हा प्रश्न श्रोत्याच्या कानींच पडत नाहीं.

पेस्तनजी बोमनजींसारखे विद्यार्थी त्या लेण्यांत राबले. त्यांस एकहि वाक्य नाहीं. ज्वाळांचा व घंटेचा आवाज मात्र दोन पानें चालतो. तीं पानें त्यांस द्यावीं.