‘कंट्रोल’चे सहप्रयोग आणि मराठी भाषक विद्यार्थी : एक चिकित्सा

प्रस्तावना

शब्द एकटा नांदत नाही. कोणत्या शब्दाशेजारी कोणता शब्द यावा, याचे संकेत प्रत्येक भाषेत ठरलेले असतात. इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या संकेतांना भाषाविचारात महत्त्वाचे स्थान मिळवून दिले. मराठीत त्यांना ‘सहप्रयोग’ म्हणता येईल. इंग्रजीच्या अध्यापनात मात्र ‘कंट्रोल म्हणजे नियंत्रण’ असा एकास एक प्रतिशब्द देऊन पुढे जाण्याची प्रथा रूढ आहे. या प्रथेमुळे विद्यार्थ्याचे इंग्रजी वाक्य चुकते आणि मराठीतील अर्थच्छटाही पुसट होतात, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रतिशब्दाची मर्यादा

केजसारख्या तालुक्याच्या गावी ‘कंट्रोल’ हा शब्द नवा नाही. मराठवाड्यात रास्त भावाच्या दुकानाला ‘कंट्रोल’ व तेथील धान्याला ‘कंट्रोलचे धान्य’ म्हणतात. ‘शुगर कंट्रोलमध्ये आहे’ हे वाक्यही घरोघरी ऐकू येते. शब्द ओळखीचा आहे. इंग्रजीतील त्याचे सोबती मात्र अनोळखी आहेत.

एका संकल्पनेस एकच संज्ञा असणे ही कायद्याची गरज असते. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या परिभाषाकार्यामागे हीच दृष्टी आहे. ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९’ या नावात ‘नियंत्रण’ऐवजी ‘लगाम’ किंवा ‘आळा’ चालणार नाही. परंतु अधिनियमात जो गुण ठरतो, तो वर्गात उणीव ठरतो.

रचनेतील भेद

इंग्रजीत ‘कंट्रोल’ हे नाम स्थिर राहते आणि क्रियापद बदलते : ‘टेक कंट्रोल’, ‘गेन कंट्रोल’, ‘लूज कंट्रोल’. मराठीत बहुधा नामच बदलते. रागाला आवर, भ्रष्टाचाराला आळा, गुन्हेगारीला पायबंद, महागाईला लगाम घातला जातो. साथ आटोक्यात येते. पूर मात्र ओसरतो. विभक्तीचा भेदही लक्षणीय आहे. ताबा, अंकुश, नियंत्रण हे कशा‘वर’ तरी असतात. आवर, आळा, वेसण ही कशा‘ला’ तरी घालावी लागतात. पहिल्या गटात टिकणारी सत्ता आहे, तर दुसऱ्यात तत्काळ केलेली कृती.

हा भेद न शिकविल्यास ‘वर’ या शब्दयोगी अव्ययाच्या प्रभावाने ‘कंट्रोल ऑन’ अशी रचना घडते; इंग्रजीत ती ‘कंट्रोल ओव्हर’ हवी. याहून गंभीर चूक ‘नियंत्रणात’ या रूपातील प्रत्ययामुळे होते. ‘आग नियंत्रणात आहे’ याचे ‘द फायर इज इन कंट्रोल’ असे भाषांतर केले, तर सत्ता आगीच्याच हाती जाते. तेथे ‘अंडर कंट्रोल’ हवे. इंग्रजीत ‘इन कंट्रोल’ असतो तो नियंता, ‘अंडर कंट्रोल’ असतो तो नियंत्रित. एका लहानशा शब्दयोगाने स्वामी आणि अंकित यांची अदलाबदल होते.

कर्त्याचा प्रश्न

वृत्तपत्रांत अपघाताचे वृत्त ‘चालकाचा ताबा सुटल्याने’ या ठरीव शब्दांत येते. इंग्रजीत ‘द ड्रायव्हर लॉस्ट कंट्रोल’ असे म्हणतात. इंग्रजी वाक्यात चालक कर्ता आहे. मराठी वाक्यात ताबा आपोआप सुटतो. यावरून मराठी भाषक जबाबदारी टाळतो, असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. तथापि वाक्यरचना कर्त्याला पुढे आणते की मागे सारते, याचे भान अध्यापनात असावयास हवे.

मराठी सहप्रयोगांचीही चिकित्सा आवश्यक आहे. लगाम व पायबंद घोड्याचे, वेसण बैलाची, अंकुश हत्तीचा. ‘आंदोलकांना वेसण घातली’ असे लिहिणारा नकळत माणसांना दावणीला बांधतो. त्याच अर्थाने ‘परिस्थिती नियंत्रणात आणली’ असे लिहिले, तर माणसेच वाक्यातून नाहीशी होतात. पहिला प्रयोग उद्धट आहे, दुसरा सभ्य. परंतु सत्ता कोण कोणावर गाजवतो, हे पहिल्यात उघड दिसते. स्वतःच्या मनाने विवाह ठरविणाऱ्या मुलीविषयी ‘ती हाताबाहेर गेली’ असे म्हटले जाते. त्यातील हात कोणाचा, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे ‘आउट ऑफ कंट्रोल’ असे भाषांतर केल्यास तो हात दिसेनासाच होतो.

समारोप

नियंत्रणाचे सहप्रयोग शब्दयादीतून शिकविता येत नाहीत. पूर्ण वाक्य फळ्यावर लिहून त्याशेजारी मराठीतील रूढ प्रयोग मांडावा आणि प्रत्येक वेळी दोन प्रश्न विचारावेत : नियंता कोण? नियंत्रित कोण? इंग्रजी आणि मराठी विभागांनी हे काम एकत्रितपणे करण्याजोगे आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याजवळ आवर, आळा, वेसण, वचक अशी समृद्ध शब्दसंपत्ती असते. ‘नियंत्रण’ या एकाच प्रतिशब्दापुढे तिला गौण ठरविण्याऐवजी तिच्या आधाराने इंग्रजी शिकविले, तर विद्यार्थी दोन्ही भाषांत वाक्याचा कर्ता होऊ शकेल.