व्यक्तिवर्णनातील विशेषणे आणि बहुभाषिक वर्ग

मराठीच्या अध्यापनात व्यक्तिवर्णन हा लेखनप्रकार फार सोपा मानला जातो. शरीरयष्टी, वर्ण, पोशाख, स्वभाव असे चार रकाने आखावेत, प्रत्येकात दोन-तीन विशेषणे भरावीत, की वर्णन सिद्ध झाले! घरची बोली प्रमाण मराठीच्या निकट असलेल्या मुलांच्या बाबतीत ही रीत निदान निरुपद्रवी ठरते. वाशीम जिल्ह्यात ती तशी राहत नाही. रिसोड तालुक्यातील रिठदसारख्या गावाची बोली वऱ्हाडी. जिल्ह्यातील बंजारा तांड्यांची भाषा गोरमाटी. अनेक मुसलमान कुटुंबांची उर्दू. विशेषणांची यादी मात्र तिघांसाठी एकच असते.

वऱ्हाडी जिभेवर ‘काळे डोळे’ हे ‘काये डोये’ होतात. हा ध्वनिविकार नियमित आहे, त्याला गबाळेपणा म्हणणे भाषाशास्त्राला सोडून होईल. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह ज्या वत्सगुल्म नगरात लावला, ते आजचे वाशीम, त्याच परिसरातील मुलाला ‘तुझी भाषा अशुद्ध’ असे सांगून साहित्याचा आरंभ करावा, ही गंमतच म्हणावयाची.

गोरमाटीचा प्रश्न निराळा आहे. ग्रियर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणात तिचा समावेश मराठीच्या बोलींत न करता १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात केला. राजस्थानीशी नाते सांगणाऱ्या या भाषेत आणि उर्दूतही नपुंसकलिंग नाही. यादीत ‘भोळा’ हा शब्द एकट्या पुल्लिंगी रूपात येतो. ‘भोळा मुलगा’पर्यंत विद्यार्थी निभावतो आणि ‘भोळे पोर’पाशी अडखळतो. अडचण शब्द ठाऊक नसण्याची नसून तो नामाबरोबर चालविण्याची आहे. उर्दूभाषक मुलाला तर ओळखीचेच शब्द फसवितात. त्याच्या घरी ‘मिज़ाज’ म्हणजे प्रकृती किंवा स्वभाव. मराठीत ‘मिजास’ म्हटली की ताठा. ‘गरीब’ हे मराठीत निर्धनाबरोबरच सालस माणसाचेही विशेषण आहे. तो दुसरा अर्थ यादी सांगत नाही.

वाचनासाठी नेमल्या जाणाऱ्या नमुन्यांविषयीही असाच विचार व्हावयास हवा. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ (१९६२) मधील सखाराम गटणे पुस्तकी मराठी बोलतो आणि वाचक हसतो. हे हसू बोलीचे व ग्रंथाचे मराठी यांतील अंतर ज्याच्या कानाला कळते त्याचेच. ज्याने मराठी मुख्यतः पाठ्यपुस्तकातून मिळविले आहे, त्याला गटण्याच्या बोलण्यात विनोद दिसणार नाही. कारण त्याचे स्वतःचे मराठी तसेच आहे. वर्ग हसतो तेव्हा तो गोंधळतो, आणि कारण कळले तर खजील होतो. लेखकाचा यात दोष नाही. दोष आहे तो हा पाठ ‘सोपा, विनोदी’ म्हणून आरंभी नेमणाऱ्या निवडीचा.

उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) मधील कौतिक अधिक उपयोगी पडावी. तिचा करारीपणा दारिद्र्याशी चाललेल्या तिच्या झुंजीतून उभा राहतो. विद्यार्थ्याने आधी कृती सांगावी आणि मग तिला साजेसे विशेषण शोधावे, हा क्रम येथे सहज साधतो. अर्थात रिठदच्या मुलाला ‘धग’मधील वऱ्हाडी संवाद घरचे वाटतील, तांड्यावरील मुलीला ते बाजारातले वाटतील, हा भेद उरतोच.

तिने स्वतःच्या आईचे वर्णन लिहिले आणि त्यात ‘याडी’ हा शब्द आला, तर तपासनीसाची लाल रेघ कोठे पडावी? ‘आई’ लिहिल्याने अर्थ कायम राहतो, पण हाक बदलते. निवेदनात ‘आई’ आणि मुलीच्या तोंडी ‘याडी’ अशी वाटणी करता येण्यासारखी आहे. वऱ्हाडी संवादांना कादंबरीत जे स्थान मिळाले, ते गोरमाटीच्या एका शब्दाला शाळकरी निबंधात नाकारण्याचे सबळ कारण दिसत नाही.