घर दाखवणारी माणसे
('गर्म हवा' आणि 'जिस लाहौर नइ देख्या' यांच्या निमित्ताने)

घर बांधण्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. घर जळाल्यावर, पाडले गेल्यावरही लिहिले गेले. मात्र विकायला काढलेले स्वतःचे घर परक्या माणसाला खोलीखोलीने दाखवत फिरणे, हा अनुभव आमच्या वाचनात फारसा आलेला नाही. त्यात कोणी मरत नाही, दंगल होत नाही. म्हणून तो लिहिण्याजोगा वाटत नसावा. दोन वर्षांपूर्वी मिरजेतले आमचे वडिलोपार्जित घर विकताना आम्ही यातून गेलो आणि मग दोन जुन्या कलाकृतींकडे पुन्हा वळलो. त्यांत घर विकले जात नाही, त्याचा ताबा जातो. तरीही प्रश्न तोच आहे: कागद एकाच्या नावावर आणि घराची ओळख दुसऱ्याजवळ, तर घर कोणाचे?

एम. एस. सथ्यू यांचा 'गर्म हवा' १९७४ साली प्रदर्शित झाला. कथा इस्मत चुगताई यांची; पटकथा कैफी आझमी आणि शमा झैदी यांची. फाळणीनंतरच्या आग्र्यात सलीम मिर्झा यांचा बुटांचा कारखाना आहे. राहती हवेली मात्र थोरल्या भावाच्या नावावर. भाऊ पाकिस्तानात निघून जातो आणि हवेली 'निष्क्रांतांची मालमत्ता' ठरते. हा शब्द कथेपुरता नाही. या विषयावर १९५० साली केंद्रीय कायदा झाला आणि तो थेट २००५ मध्ये रद्द झाला. जो गेला त्याच्यामुळे, जो राहिला त्याचे छप्पर जाते. हवेली अजमानी या सिंधी व्यापाऱ्याकडे जाते आणि मिर्झा कुटुंब भाड्याच्या घरासाठी दारोदार फिरते.

या चित्रपटावर बोलताना बहुतेक जण बलराज साहनींवर बोलतात, आणि ते योग्यच आहे. पण आमच्या मते हवेलीची खरी धनीण आहे सलीम मिर्झांची वृद्ध आई. ही भूमिका आग्र्याच्याच बदर बेगम यांनी केली आणि आवाज दीना पाठक यांनी दिला. घर सोडायची वेळ येते तेव्हा ही म्हातारी कायदा विचारत नाही. ती कोठरीत जाऊन लपते. तिला उचलून बाहेर आणावे लागते. पुढे तिचा जीव अडकतो तो त्याच हवेलीत, आणि जिथे ती नवरी म्हणून डोलीतून आली तिथेच तिला शेवटच्या घटकेला पुन्हा नेले जाते. समीक्षक याला करुण प्रसंग म्हणतात. आम्ही याला साक्ष म्हणतो. कोणत्याही दप्तरात या बाईचे नाव नाही; पण त्या घराची मालकी तिच्याइतकी कोणी सिद्ध केलेली नाही.

एक उणीव मात्र नोंदवली पाहिजे. अजमानीला चित्रपटाने सौजन्य दिले, पण त्याची नजर दाखवायला फारसा वेळ दिला नाही. तोही मागे सिंधमध्ये घर सोडून आलेला माणूस. दुसऱ्याच्या दालनात पहिले पाऊल टाकताना त्याला काय वाटले असेल?

हे उत्तर असगर वजाहत यांच्या 'जिस लाहौर नइ देख्या' या नाटकात थोडेफार मिळते. १९९० मध्ये हबीब तन्वीर यांनी ते रंगभूमीवर आणले. लखनौहून आलेल्या सिकंदर मिर्झांना लाहोरमध्ये हवेली मिळते, आणि तिच्यात रतनलाल जवाहिऱ्याची म्हातारी आई अजून राहत असते. येथे आपण आलेल्या माणसाच्या बाजूने घर पाहतो. मिर्झा स्वतः उजाड होऊन आलेले. तरीही त्यांना आधी ही म्हातारी घराबाहेर हवी असते. नाटकाचा सगळा प्रामाणिकपणा आम्हांला या एका गोष्टीत दिसतो. दुःख सोसलेला माणूस आपोआप दयाळू होत नाही. त्याला व्हावे लागते. हळूहळू ती त्या घराची आणि मोहल्ल्याची माई होते. उत्तरार्धात नाटक मौलवी आणि पहिलवान यांच्या वादात शिरते. तो वाद महत्त्वाचा आहेच, पण तेथे भाषणे वाढतात आणि घर मागे पडते.

आता आमच्या घराविषयी. गिऱ्हाईक येण्याआधी दलालाने सुचवले, दारावरचा तुघरा उतरवून ठेवा, भाव मोकळेपणाने बोलता येईल. कोणी जबरदस्ती केली नव्हती. आम्ही स्टुलावर चढून तो स्वतःच्या हाताने उतरवला. ही गोष्ट लिहिताना आजही संकोच होतो. आलेले जोडपे सभ्य होते. त्यांनी विहिरीचे पाणी विचारले, घरपट्टी विचारली, माळ्यावर चढून वासे ठोकून पाहिले. बाईंनी विचारले, स्वयंपाकघर कोणत्या दिशेला? आम्ही मनात हिशेब करत होतो, तोवर अम्मी म्हणाली, "ताई, किब्ल्याकडं पाठ करून उभं राहा. उजव्या हाताचा पुढचा कोपरा."

बाई गोंधळल्या. दलाल मात्र हिशेब करून आनंदाने म्हणाला, "म्हणजे आग्नेय! वास्तूप्रमाणे अगदी बरोबर!" जोडप्याचे चेहरे खुलले आणि आठ दिवसांत विसार मिळाला.

कोपरा तोच, चूलही तीच. चाळीस वर्षे अम्मी त्या कोपऱ्याला एका नावाने ओळखत होती. पाच मिनिटांत त्याला दुसरे नाव मिळाले आणि दोन्ही नावे खरी होती. खरेदीखतावर अब्बांनी आणि चाचांनी सह्या केल्या. अम्मीची सही कोणी मागितली नाही, कारण कायद्याने तिची गरज नव्हती. त्या दिवशी 'गर्म हवा'मधील म्हातारी कोठरीत का लपली, ते आम्हांला कळले.

मुस्लीम मराठी लेखकांकडे आमची मागणी एवढीच आहे. फाळणी आणि दंगली लिहून झाल्या असे आम्ही म्हणत नाही. पण आज आपली कित्येक घरे आगीवाचून जात आहेत: भावांच्या वाटणीत, मुलांच्या शिक्षणासाठी, शहराकडे जाण्याच्या ओढीने. त्यांत खलनायक सापडत नाही, म्हणून ती कथेबाहेर राहू नयेत. तुघरा कोणी उतरवला हे लिहा, मग तो हात आपलाच का असेना. आणि घर दाखवताना दिशा कोणी सांगितली, त्या बाईचे नाव निदान कथेत तरी येऊ द्या.