कौल, मतपेटी आणि खेळातील नगरे

‘कौल’ या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. एक देवापुढे मागितलेला, दुसरा मतदारांनी दिलेला. देवळात प्रसाद-पाकळी लावून कौल मागतात तेव्हा गाऱ्हाणे मोठ्याने घातले जाते, पाकळी सर्वांदेखत पडते, आणि ती उजवी की डावी हे तेथे उभा असलेला कोणीही पाहू शकतो. कौल विरुद्ध गेला तरी तो मानला जातो. श्रद्धा हे त्याचे एक कारण. परंतु सारे काही उघड्यावर घडले, हेही कारण लहान नव्हे. हीच कसोटी लावून एका नव्या करमणुकीचे परीक्षण करावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आंतरजालावर हजारो माणसे एकाच वेळी जे खेळ खेळतात, त्यांत नगरे वसतात, संघ बांधले जातात, पुढारी निवडले जातात आणि निवडणुकीचे तंटेही माजतात. पेडणे-डिचोलीतील तरुणांच्या फोनवरही गट बांधून खेळावयाचे खेळ येऊन पोचले आहेत. तेव्हा विषय परका म्हणून सोडून देता येत नाही.

‘द सिम्स ऑनलाइन’ हा अमेरिकन खेळ २००२ च्या अखेरीस सुरू झाला. त्यातील अल्फाव्हिल नगरात २००४ साली खेळाडूंनी आपण होऊन अध्यक्षाची निवडणूक घेतली. एका बाजूस ‘मिस्टर प्रेसिडेंट’ असे नाव धारण केलेला विद्यमान अध्यक्ष, दुसऱ्या बाजूस चौदा वर्षांची एक मुलगी. ४६९ विरुद्ध ४११ मतांनी अध्यक्ष विजयी झाला. मात्र मतदानाची यंत्रणा त्याच्याच पक्षपात्यांच्या हाती होती आणि कित्येकांची मते नोंदलीच गेली नाहीत, असा आरोप झाला. त्याची चौकशी करणारे अधिकारी पीठ कोठेच नव्हते. अध्यक्षाला खरी सत्ताही नव्हती. पुढे २००८ मध्ये मालक कंपनीने तो खेळच बंद केला. ज्या नगरासाठी एवढा कलह झाला ते उरले नाही.

२००३ सालच्या ‘अ टेल इन द डेझर्ट’ या खेळाची रचना अधिक विचारपूर्वक केलेली दिसते. त्यातील प्राचीन इजिप्तात खेळाडू अर्जावर सह्या गोळा करून आणि मतदान करून कायदे संमत करतात, व रचनाकार ते खेळात प्रत्यक्ष अमलात आणतात. निवडून आलेल्या ‘डेमी-फॅरो’ला खेळाडूंना कायमचे हद्दपार करण्याचा अधिकार मिळतो, पण सातच जणांना. सत्ता खरी असावी आणि तिला मर्यादाही असावी, ही राज्यशास्त्रातील मोठी गोष्ट या रचनाकाराने एका आकड्यात बसविली आहे. कलाकृती म्हणून हा खेळ मला सर्वांत सरस वाटतो.

आइसलंडमधील कंपनीच्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळातील खेळाची कथा निराळी. कंपनीच्याच एका नोकराने खेळातील एका गटाला मौल्यवान वस्तू गैरमार्गाने मिळवून दिल्याचे २००७ मध्ये उघडकीस आले. विश्वास परत मिळविण्यासाठी २००८ पासून खेळाडूंचे निर्वाचित मंडळ अस्तित्वात आले. २०१३ पासून त्याची निवड एकल संक्रमणीय मताने होऊ लागली. आपल्या राज्यसभेची निवडणूकही याच पद्धतीची आहे. एवढे करूनही एप्रिल २०१९ मध्ये ब्रिस्क रुबल या नावाने खेळणाऱ्या सदस्याला, गोपनीय माहिती फोडल्याचा ठपका ठेवून, कंपनीने मंडळातून काढले व खेळातून कायमचे बाद केले. आपले म्हणणे आधी ऐकून घेतले नाही, अशी त्याची तक्रार होती. काही आठवड्यांतच कंपनीला निर्णय मागे घेऊन जाहीर क्षमा मागावी लागली. मतपद्धती निर्दोष होती. दोष होता तो शिक्षा आधी आणि सुनावणी मागाहून, या क्रमात.

आता आपल्या अंगणात पाहू. गोव्यातील देवस्थानांचा कारभार १९३३ च्या महाजनीच्या नियमावलीनुसार चालतो. महाजनांची नोंदवही, दर तीन वर्षांनी समितीची निवडणूक, प्रशासक म्हणून मामलेदार, आणि त्याच्या निर्णयावरही वर दाद मागण्याची सोय, ही तिची चौकट. कायदा पोर्तुगीज अमदानीतला आणि भाषा परकी. तरी कोण मतदार, कोण मोजणार आणि हरलेल्याने कोठे जावे, या तिन्ही प्रश्नांना त्यात उत्तर आहे. आपल्याकडे सारे आलबेल आहे असे मात्र नव्हे. ‘महाजन कोण’ या पहिल्याच प्रश्नावर गावे दुभंगतात, आणि पालखी कोणी उचलावी हे ठरेपर्यंत वर्षे उलटतात. परंतु ज्याच्याशी तंटा आहे तोच न्यायाधीश, अशी स्थिती निदान कायद्याने ठेवलेली नाही.

या खेळांवर माझा मुख्य आक्षेप तेथेच आहे. तारकामंडळे आणि राजवाडे ज्यांनी इतक्या बारकाईने रचले, त्यांनी अपिलाचा दरवाजा मात्र ठेवला नाही. शेवटचा शब्द मालकाचा, आणि नगरजन त्याचे गिऱ्हाईक. ‘खेळच तो, त्यात एवढे काय?’ असे कोणी म्हणेल. पण माणसे तेथे वर्षानुवर्षे श्रम घालतात, आणि आपल्यावर अन्याय झाला ही भावना खेळातही खोटी नसते.

हे तरुण उद्या महाजनांच्या सभेत बसणार आहेत. मतमोजणी बंद दाराआड असते आणि वरचा म्हणेल तो निकाल, हेच ते खेळात शिकून आले, तर सभेतही त्यांना ते वावगे वाटणार नाही. म्हणून त्यांना खेळण्यापासून रोखण्यापेक्षा, मतदारयादी आधी लावणारी, आरोपिताचे म्हणणे ऐकणारी आणि मते सर्वांसमक्ष मोजणारी सभा त्यांना आपल्या देवळाच्या मंडपात पाहावयास मिळेल, एवढी काळजी वडीलधाऱ्यांनी घेतली पाहिजे.