भिंतीवरचे वाळवंट आणि सुप्याचा माळ

मराठी मुसलमानाच्या घरात वाळवंट असते, पण ते कॅलेंडरवर. खजुरीची झाडे, उंटांचा काफिला, मावळतीचा लाल गोळा. सीरत आणि करबलाच्या कथांतून ते लहानपणीच आपल्या मनात उतरलेले असते. त्यामुळे अशा चित्राकडे आपण श्रद्धेने पाहतो, चिकित्सा करीत नाही. छायाचित्रकार ए. एल. सय्यद (1904-1991) यांची वाळवंटे पाहताना ही सवय आधी बाजूला ठेवली पाहिजे.

सय्यद उत्तर गुजरातमधल्या पालनपूर या नवाबी संस्थानचे. राजस्थानची हद्द तिथून जवळ. छायाचित्र म्हणजे निव्वळ नोंद नसून चित्रासारखी रचलेली कलाकृती आहे, असे मानणारा 'पिक्टोरिअल' पंथ तेव्हा भारतातल्या हौशी छायाचित्रकारांत रुजला होता. 1930च्या दशकात मुंबईत 'कॅमेरा पिक्टोरिअलिस्ट्स ऑफ बॉम्बे' ही संस्था याच विचाराची होती. सय्यद यांची वाळवंटेही याच घडणीची. तिरपे ऊन, त्यात उठून दिसणाऱ्या वाळूच्या लाटा, उंटांच्या लांब सावल्या. भर दुपारी हीच वाळू सपाट दिसली असती.

या शैलीची मर्यादाही उघड आहे. तीत तहान दिसत नाही. उंटवाला बहुधा काळी आकृती होऊन राहतो. डोक्यावरच्या घागरीचा डौल दिसतो, पाणी किती कोसांवरून आणले ते कळत नाही. 1972चा दुष्काळ सोसलेल्या आमच्या भागाला हे सौंदर्य अपुरे वाटले तर नवल नाही. तरीही सय्यद यांचे एक मोल आम्ही मानतो. त्यांनी वाळवंट अरबस्तानातून उसने आणले नाही, आपल्या मुलखाशेजारचे पाहिले.

आम्ही आमचे पाहतो का? बारामती-इंदापूर म्हटले की नीरा डाव्या कालव्यावरचा ऊस डोळ्यांपुढे येतो. सुप्याकडचा जिराईत पट्टा त्या चित्रात बसत नाही. तिथल्या माळावर 1997 साली मयूरेश्वर अभयारण्य झाले, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. त्यात चिंकारा राहतो. त्याच्याच जातकुळीच्या हरणाला अरबीत 'गझाल' म्हणतात. ज्याला आपण शायरीत शोधतो, तो शाहमन्सूरच्या सुप्यात गवत खातो आहे. इकडे इंदापूर तालुक्यात भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्ष्यांसाठी कॅमेऱ्यांची गर्दी होते. त्याच पाण्याखाली गेलेल्या गावांच्या माणसांकडे ते कॅमेरे क्वचितच वळतात.

1990 साली सोलापूरच्या पहिल्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनापासून आपण सांगत आलो की आमची भाषा इथली, माती इथली. पण त्या मातीचे चित्र काढायची वेळ आली की हात अजून कॅलेंडरकडे जातो. आमच्या तरुण छायाचित्रकारांनी आणि कवींनीही सय्यद यांच्याकडून ते तिरपे ऊन जरूर घ्यावे. मात्र त्या उन्हात सुप्याचा मेंढपाळ उभा करताना त्याचा चेहरा काळोखात सोडू नये.